उंच उडीचे मानकरी : कॉर्नेलिअस जॉन्सन

आपल्या वसतिगृहाच्या पाठीमागे, मैदानाच्या टोकाला वाळूचा एक हौद आहे. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांचे पाय त्या वाळूत कधी ना कधी रुतलेले आहेत. दोन खांब, त्यांत ठोकलेले खिळे आणि खिळ्यांवर टेकवलेली बांबूची आडवी काठी, एवढ्याच साहित्यावर आपल्या शाळेतील उंच उडीचा सराव अनेक वर्षे चालला. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही क्रीडाशिक्षकांच्या मदतीसाठी हातात मोजपट्टी घेऊन त्या हौदाच्या कडेला आम्ही कित्येक संध्याकाळी उभे राहिलो आहोत. स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्ही कॉर्नेलिअस जॉन्सन यांची निवड केली. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, उडी मारावी कशी हे ज्यांच्याकडून शिकावे अशा खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. दुसरे कारण आमच्या स्वतःच्या चुकीशी निगडित आहे.

दहावीच्या वर्गात नाझी जर्मनीचा विषय निघाला की आम्ही वर्षानुवर्षे एक प्रसंग रंगवून सांगत आलो. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूने सुवर्णपदक जिंकले आणि हिटलरने त्यांचे अभिनंदन करण्याचे टाळून मैदान सोडले, असा तो प्रसंग. वर्गातील मुलांचे डोळे तो ऐकताना चमकत असत. पुढे अधिक वाचन घडले तेव्हा ध्यानात आले की, त्या दिवशी ओवेन्स यांची अंतिम शर्यत झालेलीच नव्हती. ज्यांच्या सन्मानाच्या वेळी ते आसन रिकामे होते, ते खेळाडू दुसरेच होते. त्यांचे नाव आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते. ते ऋण या लेखाने थोडेफार फेडावे, अशी आमची इच्छा आहे.

कॉर्नेलिअस जॉन्सन यांचा जन्म 28 ऑगस्ट 1913 रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. पण माणसाच्या कातडीचा रंग पाहून त्याची जागा ठरवण्याची रीत संपलेली नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत शाळा, आगगाडीचे डबे, पाणी पिण्याचे नळ वेगळे होते. कॅलिफोर्नियात तसे उघड कायदे कमी होते. तेथे भेदभाव कागदपत्रांतून वावरत असे. घराच्या खरेदीखतातच ते घर कृष्णवर्णीयाला विकू नये अशी अट घातली जाई आणि त्यामुळे शहराच्या अनेक वस्त्यांचे दरवाजे त्यांना बंद असत. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 1948 साली. तो दिवस पाहण्यास जॉन्सन हयात नव्हते. वेगळा पाणवठा आणि वेगळी वस्ती म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा शहरात एका उंच, सडपातळ मुलाला शाळेच्या मैदानावर उंच उडीने खुणावले. तो लॉस एंजेलिस हायस्कूलमध्ये शिकत असतानाच 1932 चे ऑलिम्पिक त्याच्याच शहरात भरले. अठराव्या वर्षी, शाळकरी वयात, जॉन्सन अमेरिकेच्या संघात निवडले गेले. त्या स्पर्धेत चार जणांनी 1.97 मीटर उंची पार केली : कॅनडाचे डंकन मॅकनॉटन, अमेरिकेचे रॉबर्ट व्हॅन ऑस्डेल, फिलिपिन्सचे सिमिऑन तोरिबिओ आणि आपले जॉन्सन. बरोबरी सुटावी म्हणून चौघांना पुन्हा उड्या माराव्या लागल्या. त्या फेरीत जॉन्सन चौथे आले. ज्या उंचीवर दुसऱ्याला सुवर्ण मिळाले, तीच उंची पार करूनही त्यांच्या गळ्यात काहीच पडले नाही. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर हे घडले. त्या वयाचा मुलगा अशा वेळी खेळ सोडून देतो. जॉन्सन यांनी सोडला नाही. कॉम्प्टन ज्युनिअर कॉलेजात प्रवेश घेऊन त्यांनी पुढील चार वर्षे तीच उडी अधिकाधिक निर्दोष केली.

ती उडी कशी होती, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या हौदात सर्वांना प्रथम येते ती कात्री पद्धत. खेळाडू तिरपा धावत येतो, काठीपासून दूर असलेल्या पायावर उडतो आणि बसल्यासारख्या स्थितीत एकामागून एक पाय काठीवरून नेतो. ही पद्धत सोपी आणि सुरक्षित आहे. परंतु धड उभेच राहत असल्यामुळे शरीराचा भार काठीच्या बराच वर उचलावा लागतो. म्हणजे श्रम अधिक आणि फळ कमी. कॅलिफोर्नियातील जॉर्ज होराइन या तरुणाने विसाव्या शतकाच्या आरंभी यावर वेगळी वाट काढली. त्याच्या घरामागच्या अंगणात जागा अपुरी असल्यामुळे त्याला नेहमीच्या बाजूने धावता येईना. उलट बाजूने यावे लागे. परिणामी उडी घेण्याचा पाय काठीच्या जवळ आला, आणि त्यातूनच कुशीवर झोपल्यासारखे काठीवरून जाण्याची रीत जन्मली. 1912 साली होराइन यांनी याच रीतीने 2 मीटरची उंची गाठली. अडचणीच्या अंगणातून निघालेली ही पद्धत पुढे वेस्टर्न रोल या नावाने जगभर पसरली. जॉन्सन याच पद्धतीचे खेळाडू होते.

या पद्धतीत काठीजवळचा पाय जमिनीवर रोवला जातो, बाहेरचा पाय जोराने वर फेकला जातो, आणि उडीच्या माथ्यावर शरीर काठीला समांतर, एका कुशीवर आडवे होते. ज्या पायावर उडी घेतली तो पाय पोटाशी दुमडून धडाखाली घेतला जातो आणि खाली येताना हात व तोच पाय वाळूवर प्रथम टेकतात. उभ्या धडापेक्षा आडवे धड काठीच्या अधिक जवळून जाऊ शकते. म्हणून तितक्याच ताकदीत अधिक उंच काठी पार होते.

मात्र काठीवरचे हे सौंदर्य काठीवर घडत नाही. ते जमिनीवर घडते. पाय जमीन सोडतो त्या क्षणी शरीराचा भार किती वर जाणार हे ठरून गेलेले असते. हवेत गेल्यावर हातपाय कितीही झाडले तरी त्यात वाढ होत नाही. म्हणून चांगला उडीपटू शेवटच्या तीन पावलांची सर्वाधिक काळजी घेतो. शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब पडते आणि त्यावर कंबर थोडी खाली येते. शेवटचे पाऊल आखूड आणि झटपट पडते. हा पाय शरीराच्या पुढे, टाचेकडून बोटांकडे, ठामपणे रोवला जातो आणि त्या वेळी धड किंचित मागे रेललेले असते. धावेचा पुढे जाणारा वेग त्या ताठ पायावर अडतो आणि वर वळतो. त्याच क्षणी मोकळा पाय आणि दोन्ही हात वर उचलले जातात. यात दोन चुका हटकून होतात. पहिली, काठी जवळ दिसताच भीतीने वेग कमी करणे. दुसरी, पाय जमिनीवर असतानाच काठीकडे झुकणे. झुकलेला मुलगा वर जात नाही. तो पुढे जातो आणि छातीने काठी पाडतो. आमच्या क्रीडाशिक्षकांचा सारा संध्याकाळचा वेळ या दोन चुका काढण्यातच जात असे. आधी वर, मग पलीकडे, हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला त्याला उडी आली असे समजावे.

त्या काळी नियमही कडक होते. उडी एकाच पायावरून घ्यायची, हा नियम आजही आहे. पण तेव्हा डोके पायांच्या आधी काठीपलीकडे जाता कामा नये, असाही दंडक होता. 1932 साली लॉस एंजेलिस येथेच महिलांच्या स्पर्धेत बेब डिड्रिक्सन यांनी जीन शायली यांच्याइतकीच उंची पार केली. परंतु पंचांनी त्यांची उडी सूर मारल्यासारखी ठरवली आणि त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे हा दंडक गेला. त्या काळी जाड गाद्याही नव्हत्या. पाठीवर पडणे म्हणजे मान मोडून घेणे होते. डिक फॉस्बरी यांनी 1968 साली मेक्सिको येथे पाठ काठीकडे करून 2.24 मीटर उडी मारली, ती मऊ गादी आल्यामुळेच शक्य झाली. वाळूत उतरणाऱ्या जॉन्सन यांची उंची आजच्या आकड्यांशी तोलताना हे विसरू नये.

12 जुलै 1936 रोजी न्यूयॉर्कच्या रँडल्स आयलंड मैदानावर अमेरिकेच्या संघाची निवड स्पर्धा झाली. जॉन्सन यांनी 2.07 मीटर उंची पार केली. हा नवा जागतिक विक्रम होता. त्याच दिवशी डेव्हिड ऑल्ब्रिटन या दुसऱ्या कृष्णवर्णीय तरुणानेही तीच उंची पार केली. ऑल्ब्रिटन यांची पद्धत निराळी होती. ते पोट काठीकडे करून काठीवरून पालथे जात. दोन वेगळ्या रीतींनी, एकाच दिवशी, एकाच काठीवरून दोन तरुण गेले आणि उंच उडीचा जागतिक विक्रम प्रथमच कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूंच्या नावे लागला. याच न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात, जॉन्सन यांच्या जन्माच्या वर्षी, म्हणजे 1913 साली, बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष पुढेही राहिले. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना त्या संदर्भात पत्र लिहिले होते. म्हणून ही कथा आपल्याला परक्या घरची वाटू नये.

बर्लिनला जावे की न जावे, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला होता. ज्यूंचा छळ करणाऱ्या राजवटीच्या मांडवात आपले खेळाडू पाठवू नयेत, असे अनेकांचे म्हणणे होते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी त्यावर रास्त प्रश्न विचारला : जर्मनीतील अन्यायाबद्दल कळवळणाऱ्यांना आपल्या दारातील अन्याय का दिसत नाही? अखेर संघ गेला. त्यात 18 कृष्णवर्णीय खेळाडू होते, 16 पुरुष आणि 2 महिला.

जर्मनीत त्याच उन्हाळ्यात उंच उडीतच दुसरी एक कथा घडत होती. ग्रेटेल बर्गमन या ज्यू तरुणीने जून 1936 मध्ये 1.60 मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली असताना तिला संघातून वगळल्याचे कळवण्यात आले. बर्लिनमध्ये महिलांच्या उंच उडीत पहिल्या तिघींनी पार केलेली उंची तेवढीच, 1.60 मीटर होती. काठीची उंची सर्वांना सारखीच असते. काठीपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र सारखी नसते, हे यावरून कळते.

2 ऑगस्ट 1936. मैदानी स्पर्धांचा पहिला दिवस. गोळाफेकीत जर्मनीचे हान्स व्होएल्के, भालाफेकीत जर्मनीच्या टिली फ्लायशर आणि 10,000 मीटर धावण्यात फिनलंडचे इल्मारी साल्मिनेन विजयी झाले. हिटलरने या विजेत्यांना आपल्या कक्षात बोलावून त्यांचे अभिनंदन केले. इकडे उंच उडीची स्पर्धा लांबत चालली होती. जॉन्सन इतके निश्चिंत होते की, काठी बरीच वर जाईपर्यंत त्यांनी अंगावरचा सरावाचा उबदार पोशाखही उतरवला नव्हता. ऑल्ब्रिटन, अमेरिकेचेच डेलॉस थर्बर आणि फिनलंडचे कालेव्ही कोटकास हे तिघे 2 मीटरवर थांबले. जॉन्सन यांनी 2.03 मीटर पार केले. सुवर्णपदक त्यांचे झाले. रौप्य ऑल्ब्रिटन यांना आणि कांस्य थर्बर यांना मिळाले. त्या ऑलिम्पिकमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने जिंकलेले हे पहिले सुवर्णपदक होते. 2.03 मीटरचा ऑलिम्पिक विक्रम पुढे 16 वर्षे, 1952 पर्यंत टिकला.

जॉन्सन यांच्या सन्मानाची वेळ आली तेव्हा हिटलर मैदानातून निघून गेलेला होता. त्याचे जाणे आधीच ठरलेले होते, असा खुलासा करण्यात आला. इतिहासाच्या शिक्षकाने येथे सावध राहिले पाहिजे. त्या माणसाच्या मनात त्या क्षणी नेमके काय होते, हे कोणत्याही कागदावरून सिद्ध होणार नाही. जे सिद्ध आहे ते एवढे : आधीच्या विजेत्यांना त्याने बोलावले, जॉन्सन यांना बोलावले नाही, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांनी एकतर सर्वांचे अभिनंदन करावे किंवा कोणाचेच करू नये, असे त्याला कळवले. त्याने दुसरा मार्ग पत्करला आणि जाहीरपणे विजेत्यांना बोलावणे थांबवले. जेसी ओवेन्स यांनी पहिले सुवर्णपदक जिंकले ते दुसऱ्या दिवशी, 3 ऑगस्टला. पुढे ओवेन्स यांची चार सुवर्णपदके जगभर गाजली आणि जॉन्सन यांच्या वाट्याचा प्रसंगही लोकांनी नकळत ओवेन्स यांच्या नावावर टाकला. यात ओवेन्स यांचा काही दोष नाही. दोष आहे तो आमच्यासारख्या, एकच नाव पाठ करून थांबणाऱ्यांचा.

या 18 खेळाडूंनी मिळून 14 पदके मायदेशी नेली. पण मायदेशाने तरी काय केले? राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यापैकी कोणालाही व्हाइट हाउसमध्ये बोलावले नाही. त्या सन्मानासाठी 80 वर्षे जावी लागली. 2016 साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या खेळाडूंच्या कुटुंबीयांना व्हाइट हाउसमध्ये निमंत्रित केले. बर्लिनमध्ये 200 मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे मॅक रॉबिन्सन यांना पुढे पॅसाडीनाच्या रस्त्यांवर झाडू मारून पोट भरावे लागले. परदेशातील हुकूमशहाने पाठ फिरवल्याची कथा आपण आवडीने सांगतो. स्वदेशातील लोकशाहीने पाठ फिरवली, ती कथाही त्याच आवाजात सांगितली पाहिजे.

जॉन्सन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्यांचा 2.07 मीटरचा विक्रम 1937 साली मेल वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूनेच मोडला. ऑलिम्पिक विजेत्याला आज मिळते तसे धन तेव्हा नव्हते. जॉन्सन लॉस एंजेलिसमध्ये टपालखात्यात पोस्टमन म्हणून काम करू लागले. ज्या पायांनी जग जिंकले, त्याच पायांनी ते घरोघर पत्रे पोहोचवत राहिले. श्रमाने मिळवलेल्या भाकरीत कमीपणा नसतो, हे आपल्या पालकांइतके कोणाला ठाऊक असणार? कमीपणा असलाच तर तो त्या समाजाकडे जातो, ज्याला अशा माणसाच्या ज्ञानाचा अधिक चांगला उपयोग सुचला नाही. ज्याला शेवटच्या तीन पावलांचे मर्म कळले होते, तो कितीतरी मुलांचा शिक्षक होऊ शकला असता.

1945 साली ते व्यापारी जहाजावर पाव-भट्टीच्या कामावर रुजू झाले. समुद्रप्रवासातच ते आजारी पडले. न्यूमोनियाने 15 फेब्रुवारी 1946 रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे 32 होते.

त्यांच्या मागे पदक राहिले, आकडे राहिले आणि एक झाड राहिले. बर्लिनमध्ये प्रत्येक सुवर्णविजेत्याला कुंडीतील ओकचे एक लहान रोप भेट दिले जात असे. जॉन्सन यांनी ते रोप समुद्रापार आणून लॉस एंजेलिसमधील आपल्या घराच्या अंगणात लावले. ओक हा थंड प्रदेशातील वृक्ष. तेथील कोरड्या हवेत तो जगेल याची खात्री नव्हती. तो जगला. घराचे मालक बदलले, शेजार बदलला, वस्तीची भाषा बदलली. एकविसावे शतक उजाडले तरी तो वृक्ष त्या अंगणात उभा होता. बोधिवृक्षाच्या फांदीचा प्रवास ज्यांच्या स्मरणात आहे, त्या आपल्या वाचकांना एका रोपाने सांभाळलेल्या आठवणीचे मोल वेगळे सांगावयास नको.

या वर्षापासून दहावीच्या वर्गात आम्ही तो धडा नव्याने शिकवू लागलो आहोत. फळ्यावर दोन नावे लिहितो, दोन तारखा लिहितो, आणि आम्ही पूर्वी काय चुकीचे सांगत होतो तेही सांगतो. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आमच्याकडून ती जुनी कथा ऐकली आहे, त्यांनी आपल्या मुलांना ती सांगताना कृपया एवढी दुरुस्ती करावी. आणि या वर्षी हौदाकडे जाणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे असे की, काठी कितीही उंच असो, वेग कमी करू नका आणि पाय जमिनीवर असताना झुकू नका. चौथा क्रमांक आला तर चार वर्षे सराव करा. उडी पार झाली आणि समोरचे आसन रिकामे दिसले, तरी ती उंची मोजली गेलेली असते. तिची नोंद ठेवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि ते आम्ही यापुढे चुकवणार नाही.